खारेपाटातून दिवसभर चालत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटात, म्हणजे धरमतर खाडीच्या काठाकाठानं पोयनाड-शहापूर बाजूने निघून धेरंड, माणकुळे करत रेवसच्या दिशेला, दिवसभर बांधावरून चालत जायचं म्हटलं की दर हिवाळ्यात तेच तेच प्रश्न येतात. सगळ्यांना वेगवेगळं टाईप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतोय. फार लांबलंय, पण जाणार असाल तर भरतीचं आणि पाण्याचं तेवढं तरी नीट वाचा, बाकी वरवर बघितलं तरी चालेल.

एवढा सह्याद्री पडलाय, मग चिखलात कशाला जायचं?

सह्याद्री आहेच की, तो कुठं पळून जात नाही. पण ट्रेकिंग म्हणजे चढ आणि किल्ला हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की समुद्रसपाटीवर चालायचं म्हटलं की लोक हसतात, आणि मग दुपारी दीड वाजता बांधावर बसून छत्री मागतात. इथं चढ नाही, दगड नाही, दरी नाही, पण झाडही नाही. किल्ल्यावर थकलात तर निदान एखाद्या बुरुजाची सावली मिळते, इथं सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत ऊन थेट डोक्यावर आणि खाली पाण्यावरून उलटं तोंडावर. आणि बघायला काय मिळतं, तर माणसांनी समुद्राकडून टिकाव-फावड्यानं मिळवलेली जमीन, जी ते आजही रोज राखतायत. असं काही डोंगरात बघायला मिळत नाही.

खारेपाट म्हणजे नक्की काय?

खाडीलगतची सखल जमीन. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून मातीचे बांध घातले, आतल्या जमिनीतलं मीठ पावसानं धुवून काढलं आणि तिथं भात पिकवला. हे काम काही शतकांचं आहे, जुन्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात अशा जमिनींना शिलोत्री म्हणायचे आणि बांध घालणाऱ्याला, राखणाऱ्याला पिकातला वाटा मिळायचा. नंतर सरकारनं यात लक्ष घातलं, 1948 चा मुंबई खारभूमी कायदा आला, मग 1979 चा महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा. आता मोठे बांध सरकारी योजनेतले, पण रात्री भरतीला बांध फुटायला आला की पहिलं कोण धावतं ते गावात विचारा.

इथला भातही वेगळा. खारट जमिनीत तग धरणारा राता नावाचा तांबड्या दाण्याचा जुना वाण आहे, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढलेले पनवेल 1, 2, 3 हे सुधारित वाण आहेत. भात कापून झाल्यावर जमीन रिकामी पडते, तेव्हाच आपण जायचं.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबर, जानेवारी. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालेल. बस.

ऑक्टोबरमध्ये लोकांना फार उत्साह असतो कारण सगळं हिरवं-सोनेरी दिसतं, पण तेव्हा भात उभा असतो किंवा कापणी चालू असते, आतले बांध ओले असतात, आणि ऑक्टोबरचं ऊन वरून आणि दमट हवा खालून अशी दोन्हीकडून शेकते. मार्चनंतर तर विचारच नको. पावसाळ्यात ज्यांना जायचं असेल त्यांनी हे पान बंद करावं.

कोणता वार बरा? शनिवार की रविवार?

हाच प्रश्न चुकीचा आहे आणि हा एकच मुद्दा लोकांच्या डोक्यात जावा म्हणून मी एवढं सगळं लिहितोय. खारेपाटात वार बघून जायचं नाही, तिथी बघून जायचं.

धरमतर खाडीत दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं, म्हणजे भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते. कोळ्यांचा जुना हिशोब असा आहे की तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, जेवढं येईल तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. मोबाईलवर भरतीचे तक्ते मिळतात तेही बघा, पण ते बहुतेक मुंबईचे असतात आणि खाडीत आत भरती थोडी उशिरा पोचते. पाऊणपटीचा हिशोब हा अंदाज आहे हे लक्षात ठेवा, घड्याळ लावायला नाही.

आता हे आपल्या कामाचं कसं, तर पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि नेमकं भर दुपारी चढतं. म्हणजे तुम्ही सगळ्यात दमलेले, ऊन सगळ्यात जास्त, आणि खाडी बांधाच्या कडेपर्यंत आलेली, जिथं बांध खचलाय तिथं वाट पाण्याखाली. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फार चढत नाही, पहाटे सहाला भरती होऊन गेलेली असते, तुम्ही निघता तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असतं आणि दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण ओहोटी. संध्याकाळची भरती येईपर्यंत तुम्ही रस्त्याला लागलेले असता. मुंबईच्या तक्त्यात उधाणाची भरती चार-साडेचार मीटरची आणि भांगाची तीन-सव्वातीनची दिसेल. मीटरभर फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सपाट जमिनीवर एक मीटर पाणी म्हणजे कुठल्या कुठं.

तेव्हा सप्तमी ते दशमी, शुक्ल किंवा वद्य कुठलीही. त्यात रविवार आला तर नशीब, नाही आला तर सुट्टी टाका.

कोजागिरीला किंवा पौर्णिमेला चांदण्यात चाललं तर? ऊनही लागणार नाही.

आयडिया ऐकायला भारी आहे, दरवर्षी कोणीतरी काढतंच. वरचं उत्तर परत वाचा. पौर्णिमेला मध्यरात्री उधाणाची भरती. चांदण्यात ओला चिखल आणि पाणी दोन्ही एकसारखं चमकतं. नको.

अंतर किती पडतं, आणि सपाट आहे म्हणजे सोपं ना?

वळणं धरून वीसेक किलोमीटर पकडा, खांड लागून वळसा पडला तर आणखी. नकाशावर सरळ रेघ मारून कोणी दहा-बारा म्हणालं तर हो म्हणा आणि पाणी वीसचंच घ्या. बांध खाडीच्या प्रत्येक फाट्याबरोबर आत जातो आणि बाहेर येतो, समोरचं गाव दोनशे मीटरवर दिसत असतं आणि तिथं पोचायला तास जातो कारण मध्ये नाळ, म्हणजे खाडीचा अरुंद फाटा आहे.

वेगाचं म्हणाल तर डांबरी रस्त्यावर तासाला पाच किलोमीटर चालणारा माणूस सुक्या बांधावर साडेतीन-चार चालतो, ढेकळांच्या शेतात तीन, आणि चिखलात एक. सपाट जमिनीचा आणखी एक त्रास असा की दिवसभर तेच स्नायू, तेच पाऊल, चढ-उतार नसल्यामुळं पायांना बदलच मिळत नाही, त्यामुळं डोंगर चढणारी मंडळी इथं तळपाय आणि नडगी धरून बसतात. आणि डोक्याला पण थकवा येतो हो, दोन तास चालून समोरचं चित्र बदलतच नाही.

खांड म्हणजे काय? मध्येच हा शब्द आला.

बांध फुटून पडलेलं भगदाड. उधाणाच्या लाटा, वर चिंबोऱ्यांची आणि उंदरांची बिळं, यानं बांध आतून पोकळ होतो आणि एखाद्या रात्री जातो. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं तरी पीक धड येत नाही, आणि खांड बुजवली नाही तर जमीन कायमचीच जाते. माणकुळ्याकडं गेलात की दिसेल, जिथं भात होता तिथं आता तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं रान आहे. आणि तिवर उगवली की ती तोडता येत नाहीत, कायद्यानं संरक्षण आहे, म्हणजे शेतकऱ्याची सातबाऱ्यावर शेती आणि प्रत्यक्षात खारफुटी. खारफुटी जपायलाच हवी यात वाद नाही, 2020 मध्ये महाराष्ट्रानं सफेद चिप्पीला राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं ते चांगलंच झालं, पण बांध वेळेवर बांधला असता तर ही वेळच आली नसती असं तिथली माणसं म्हणतात आणि मला ते पटतं.

चालणाऱ्यासाठी नियम एकच, खांड पोहून किंवा उडी मारून ओलांडायची नाही. पाणी गुडघ्याएवढं दिसलं तरी ओढ असते आणि तळाला गाळ. मागं फिरा, आतल्या बांधानं वळसा घ्या.

उघाडी ओलांडताना काळजी घ्या असं सगळे का सांगतात?

उघाडी म्हणजे बांधातलं दार. एकदा थांबून बघण्यासारखी गोष्ट आहे. वरच्या कडेला बिजागरीवर टांगलेली झडप असते, खाडीच्या बाजूला उघडणारी. भरतीचं पाणी वाढायला लागलं की तेच पाणी झडपेला दाबून दार लावतं, म्हणजे समुद्र स्वतःच स्वतःला बाहेर ठेवतो, आणि ओहोटी लागली की आतलं साचलेलं पाणी आतून रेटा देतं, झडप आधी थोडी थरथरते, मग फट पडते, मग गढूळ पाण्याचा लोट बाहेर पडतो आणि त्या तोंडाशी बगळे आधीच हजर असतात. ना मोटर ना माणूस.

पण त्या लोटानं बाहेरच्या बाजूला खोल डोह पडलेला असतो, वरून कळत नाही. उघाडीच्या दगडी भिंतीवर शेवाळ असतं. एकेकानं ओलांडा, सेल्फी पलीकडं गेल्यावर. कोणाचं जाळं लावलेलं असेल तर त्याला हात लावू नका, ते कोणाचं तरी त्या दिवसाचं कालवण आहे.

चिखलात पाय रुतला तर?

रुतणारच. प्रश्न किती रुततो याचा आहे.

आधी ओळखायचं कसं ते सांगतो. वरून राखाडी, सुकून भेगाळलेला पापुद्रा दिसला की लोकांना वाटतं घट्ट आहे, तसं नसतं, पापुद्र्याखाली गाळ लोण्यासारखा असतो. जिथं खुरटी झुडपं, गवत आहे तिथं मुळांनी जमीन धरलेली असते, तिथून जा. जिथं नुसता गुळगुळीत चकचकीत चिखल आणि त्यावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारतायत तिथं जाऊ नका. गुरांच्या पायाचे ताजे ठसे दिसले तर त्यांच्या मागून जा, म्हशीला तुमच्यापेक्षा कळतं.

रुतलात तर जोरात पाय उपसू नका. एक पाय ओढताना सगळं वजन दुसऱ्यावर जातं आणि तो आणखी खाली जातो, मग दोन्ही गेले. सॅक काढून बाजूला टाका, मागं रेला, चक्क बसा, कपड्यांची लाज सोडा. वजन पसरलं की रुतणं थांबतं. मग पाऊल हळूहळू हलवत राहायचं म्हणजे चिखल आणि पायाच्या मध्ये पाणी-हवा शिरते, ओढ सुटते, आणि पाय तिरका करून काढायचा. काठी असेल तर आडवी टाकून तिच्यावर भार द्या. मांडीपर्यंत गेलात आणि भरती लागलीय अशी वेळ आली तर ओरडा, फोन करा, इथं आवाज लांबवर जातो. म्हणूनच एकट्यानं जायचं नाही.

बूट कोणते घ्यावेत? गमबूट चालतील?

गमबूट नको. एकदा वरून पाणी शिरलं की प्रत्येक पाय पाच किलोचा होतो आणि चिखलात बूट खाली राहतो, पाय वर येतो. महागडे वॉटरप्रूफ ट्रेकिंग शूजही नको, त्यात आत गेलेलं पाणी दिवसभर बाहेर येत नाही. जुने कॅनव्हासचे लेसवाले बूट, नाड्या घट्ट बांधून, किंवा मागून पट्टा असलेले मजबूत सँडल. सँडलमध्ये कालवांच्या शिंपा लागून पाय कापतो, म्हणून माझं मत बुटाच्या बाजूनं. स्थानिक लोक अनवाणी जातात ते बघून तुम्ही जाऊ नका, त्यांच्या पायाला ती जमीन माहितीये.

दिवसभर ओले पाय म्हणजे चिखल्या ठरलेल्या. सकाळी निघतानाच बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन भरपूर चोपडा, सुक्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, दुपारी जेवताना बूट-मोजे काढून पाय उन्हात सुकवा. अर्धा तास पाय सुकवला की संध्याकाळी फरक कळतो. रात्री गोड्या पाण्यानं धुवून कोरडे करा.

पाणी किती न्यायचं? वाटेत मिळेल ना?

माणशी पाच लिटर. हो, पाच. पाच किलो वजन होतं, मान्य आहे, पण ते दर तासाला कमी होत जातं.

वाटेत मिळेल या भरवशावर जायचं नाही. खारेपाटाची गंमत म्हणा की थट्टा म्हणा, चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला थेंब नाही. विहिरी खारट, नळाला पाणी कधी येतं कधी नाही, उन्हाळ्यात टँकर. जिथं घरातल्या बायका हंड्यांचा हिशोब करून पाणी वापरतात तिथं आठ जणांनी दारात जाऊन बाटल्या भरून मागणं बरं दिसत नाही. मागितलंत तर कोणी नाही म्हणणार नाही, उलट आधी तांब्या पुढं येईल, म्हणूनच मागू नका. गावातल्या दुकानात बाटली मिळते ती विकत घ्या, तेवढीच त्यांची विक्री.

नुसतं पाणी ढोसूनही उपयोग नाही, घामातून मीठ जातं. ओआरएसची पाकिटं घ्या, एक लिटरला एक. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. कोकम सरबत मिठासकट चांगलं. थंड कोल्ड्रिंक आणि एनर्जी ड्रिंक या प्रकाराला माझा सक्त विरोध आहे, पण कोणी ऐकत नाही.

तहान लागायची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी चार घोट. दुपारपर्यंत लघवी झालीच नाही किंवा गडद पिवळी झाली तर तुम्ही मागं पडलाय, थांबा आणि प्या.

उन्हाचं काय करायचं? सनस्क्रीन पुरेल?

लावा, पण तेवढ्यावर राहू नका, घामात तासाभरात जातं. सुती किंवा पटकन सुकणारा पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, मानेवर पंचा, गोल कडांची टोपी. क्रिकेटवाली टोपी नको, कान आणि मान भाजते. पंचा ओला करून मानेवर टाकायचा, खाडीचं पाणी चालतं त्याला, तुमचं पिण्याचं वापरू नका.

आणि छत्री. साधी, काळी, लांब दांड्याची. लोक हसतात, मग दुपारी त्याच छत्रीखाली चौघं बसलेले असतात. वाऱ्यात उघडी धरून चालता येत नाही, पण बसायला सावली दुसरी कुठलीच नाही, एखादं भेंडीचं झाड (भाजीची भेंडी नव्हे, मोठं झाड) किंवा मिठागराजवळची झोपडी मिळाली तर मिळाली. दुपारी बारा ते अडीच चालायचंच नाही असं ठरवा आणि त्या वेळेला गावाजवळ, देवळाच्या ओसरीवर असाल असं नियोजन करा. देवळात विचारून बसा, कोणी उठवत नाही.

ऊन लागलंय हे कसं ओळखायचं?

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे, खूप घाम आणि कातडी थंडगार, ही पहिली पायरी. सावलीत बसवा, बूट-मोजे काढा, ओआरएस घोट घोट द्या, वारा घाला, तासभर तरी पुढं जायचं नाही, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशीचं चालणं तिथंच संपवा.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, चिडचिड करतोय, तोल जातोय, अंग तापून कढत झालंय, तर ती वेगळी गोष्ट आहे, ते जिवावर बेततं. 108 ला फोन, आणि फोन लागेपर्यंत अंगावर मिळेल ते पाणी ओता, मान, काख, जांघ ओली करा, वारा घाला. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ग्रुपमधला जो सगळ्यात जास्त "मी ठीक आहे रे" म्हणतो त्याच्यावर लक्ष ठेवा.

साप, विंचू, डास?

भाताच्या बांधात उंदरांची बिळं, उंदीर म्हटलं की घोणस आली. बिळात हात, काठी घालू नका, वाळलेल्या गवताच्या गंजीवर धप्पकन बसू नका. खाडीत पाणसाप असतात, पकडायला गेलं नाही तर तेही काही करत नाहीत. चावलं तर बांधणं, कापणं, चोखणं काही नाही, हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना.

डासांपेक्षा मुरकुटं वाईट. डोळ्याला दिसत नाहीत इतकी बारीक, पहाटे आणि संध्याकाळी वारा पडला की येतात आणि दोन दिवस खाजवत ठेवतात. खोबरेल तेलाचा थर लावला की बऱ्यापैकी वाचता.

लेप्टो, म्हणजे दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप, विसरू नका. पायाला जखम असेल तर जाऊच नका, वाटेत कापलं तर स्वच्छ पाण्यानं धुवून वॉटरप्रूफ पट्टी. नंतर दोन-तीन आठवड्यांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरना स्वतःहून सांगा की मी चिखलात चाललो होतो, ते विचारतीलच असं नाही.

खायला काय न्यावं?

तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. उन्हात टिकतं, पोटाला जड नाही, मीठही जातं पोटात. शाकाहारींनी लसणाची चटणी. सँडविच दहा वाजेपर्यंत ओलं होतं. चॉकलेट नेलंत तर प्यायला लागेल.

बायकांनी यावं का? म्हणजे सोय वगैरे...

प्रश्न दरवेळी अर्धाच टाईप होतो, पूर्ण उत्तर देतो. आडोसा नाही. किलोमीटरभर सगळं सपाट, आणि बांधावर उभा माणूस दुसऱ्या गावातून दिसतो. म्हणून बायका पाणी कमी पितात आणि मग ऊन लागतं, हा खरा धोका आहे. उपाय दोन, एक म्हणजे छत्री आणि एक जुनी ओढणी, मैत्रीण उभी राहिली की काम होतं, आणि दुसरा म्हणजे वाटेतल्या गावात घरात सरळ विचारणं, बायकांनी बायकांना विचारलं की काही अडचण येत नाही. बाकी तिथल्या आगरी-कोळी बायका डोक्यावर पाटी घेऊन याच बांधांवरून वर्षानुवर्षं चालतायत, तेव्हा यावं का हा प्रश्न त्यांना विचारून बघा.

मुलांना आणावं का?

बारा वर्षांच्या आतली पूर्ण दिवसाला नको. अर्ध्या दिवसाचं करा, शहापूर-धेरंडच्या आसपास फिरून परत.

बघण्यासारखं काय आहे? की नुसतं चालायचं?

ओहोटीला चिखलाच्या कडेला दहा मिनिटं न हलता बसा. आधी काहीच दिसत नाही. मग चिखलावर दोन डोळे दिसतात, मग आणखी दोन, आणि कळतं की सगळा चिखलच निवट्यांनी भरलाय. मासा आहे, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरपटतो, कातडी ओली ठेवायला मध्येच कुशीवर लोळतो, दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर उभा करून तोंड उघडून एकमेकांवर धावतात, आणि घारीची सावली पडली की एका क्षणात सगळे बिळात गुडूप. पक्षी म्हणाल तर शेकाटे, तुतवार, चित्रबलाक, वंचक, खंड्या, दुर्बीण आणा.

गावांमध्ये घराशेजारी तळी दिसतील, त्यात जिताडा वाढवतात. पाहुणा आला किंवा सण आला की काढायचा. फुकटात मासे पकडायला आलोय अशा थाटात तळ्यात डोकावू नका, एवढंच.

आणि चरी. याच खारेपाटातलं गाव. 27 ऑक्टोबर 1933 ला इथल्या कुळांनी खोतांच्या (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) जमिनी कसायच्या नाहीत म्हणून संप केला तो 1939 पर्यंत चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली. जमीन समुद्रातून काढली कुळांनी, बांध राखला कुळांनी, आणि पीक न्यायचे खोत. सहा वर्षं पेरलं नाही, लाकडं तोडून, मासे मारून, मजुरी करून दिवस काढले. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले, 1937 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं. पुढच्या कुळकायद्याच्या मागं हा संप आहे. भर उन्हात त्या बांधावर उभं राहिलं की या जमिनीवर पोट असलेल्या माणसांनी सहा वर्षं ती पडीक ठेवली म्हणजे काय केलं ते जरा कळतं, पुस्तकात वाचून मला तरी कळलं नव्हतं.

परवानगी लागते का?

बांधावरून गावकरी ये-जा करतातच, वेगळं तिकीट-पास काही नाही. पण मिठागरं, मत्स्यतळी, कुंपण घातलेल्या जागा खाजगी आहेत, तिथं विचारल्याशिवाय नाही. पीक उभं असेल तर शेतातून नाही. तिवरांच्या फांद्या तोडून काठ्या करायच्या नाहीत, गुन्हा आहे, आणि खाली श्वसनमुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात त्यांच्यावर नाचायचं नाही. ड्रोन आणला तर गावात आधी सांगा, जमिनी घ्यायला कोणी मोजणी करतंय असं वाटतं लोकांना, आणि तसं वाटायला कारणं आहेत.

गुगल मॅपवर चालेल का?

दिशा कळायला चालेल, वाट म्हणून नाही. बांध त्यात बहुतेक वाट म्हणून दिसत नाहीत आणि उपग्रहाचा फोटो जुना असतो, मागच्या पावसाळ्यातली खांड त्यात नसते. निघताना गावातल्या कोणालाही विचारा, "काका, पुढं बांध धड आहे का?" एवढ्या एका वाक्यानं दोन तास वाचतात. सांगतील ते ऐका, "जाऊ नको" म्हणाले तर जाऊ नका. नेटवर्क बरं असतं, पण फोन उन्हात तापून बंद पडतो, पंच्यात गुंडाळून सॅकच्या आत ठेवा, हातात मिरवू नका.

यायचं-जायचं कसं?

पेणपर्यंत ट्रेन किंवा एसटी, पुढं वडखळवरून अलिबागच्या एसटीनं धरमतरचा पूल ओलांडून पोयनाड. मुंबईहून सकाळी निघून हे जमत नाही, आदल्या रात्री पोयनाड किंवा अलिबाग परिसरात मुक्काम करा, कारण सूर्य उगवायच्या आधी बांधावर पाय पाहिजे. शेवटी रेवसहून अलिबागला एसटी किंवा रिक्षा, आणि मुंबईकरांना भाऊच्या धक्क्याला जाणारी लाँच. लाँचचं शेवटचं टायमिंग आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून किंवा गावात विचारून घ्या, ऑनलाईन दिसतं त्यावर जाऊ नका.

मधेच सोडायचं झालं तर?

सोडा. प्रत्येक तीन-चार किलोमीटरवर आत जाणारा बांध गावाकडं जातो, गावातून रिक्षा मिळते, पोयनाडला पोचता. दुपारी दोनला तुम्ही निम्म्यात पण पोचला नसाल तर तिथंच ठरवा, साडेचारला नाही, कारण डिसेंबरात सहाला सूर्य बुडतो आणि त्याच सुमाराला भरती असते. लाँचमध्ये चढायच्या आधी बुटाचा चिखल धुवा, लाँचवाले ओरडतात.